आमची वाटचाल : हे कशावर उभंय?

२०११ साली गिरगावातल्या चाळीत, दीड खोलीत, दोन मशिनींवर आम्ही सुरुवात केली. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. पहिली तीन वर्षं त्यातच गेली.

मग एक मुलगी रिसेप्शनसाठी एक रेखाटन घेऊन आली. फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिश्चन डिओरचा १९४७चा ‘बार’ सूट : मुठीत मावेल अशी कंबर, तिच्याखाली फुललेलं फिकट जाकीट, खाली काळा घेरदार स्कर्ट. मी चित्राबरहुकूम बेतलं. कंबर नेमकी बसली, पण जाकिटाची खालची कड अंगावर चढताच लुळी पडली. कापड तिचं होतं, महागाचं. आम्ही ते भरून दिलं. त्या रात्री दोघींनाही झोप लागली नाही.

चूक शोधता शोधता मला डिओर कळत गेले. वडिलांचा धंदा बुडाल्यावर तिशीतल्या या माणसाने पॅरिसच्या फॅशन हाउसना रेखाटनं विकून पोट भरलं. नंतर नोकऱ्या, आणि डिसेंबर १९४६मध्ये, कापड उद्योगपती मार्सेल बुसाक यांच्या भांडवलावर, पॅरिसच्याच अव्हेन्यू माँतेन या रस्त्यावर स्वतःचं फॅशन हाउस. १२ फेब्रुवारी १९४७ला पहिलं कलेक्शन. महायुद्धातली कापडाची टंचाई अजून सरली नव्हती आणि इथे एकेका स्कर्टला मीटरच्या मीटर कापड! पॅरिसच्या रस्त्यात असे कपडे घातलेल्या मॉडेलवर बायका धावून गेल्या होत्या. मला त्या बायकांचा राग समजतो.

पण माझा जीव अडकला तो त्यांच्या कारखान्यात. डिओर भराभर छोटी रेखाटनं काढत आणि ती शिवणविभागाच्या प्रमुखांच्या हाती देत. ते चित्र वाचून आधी साध्या सुती कापडात नमुना शिवत. फ्रेंच लोक त्याला ‘त्वाल’ म्हणतात. आपल्याकडे त्याला मांजरपाट चालतं. तो नमुना अंगावर चढवून, बघून, मगच खऱ्या कापडाला कात्री. ‘बार’ जाकिटाची ती फुललेली कड आतल्या भरावावर उभी होती. रेखाटनात भराव कुठे दिसणार? तो शिवणाऱ्याने ओळखायचा. मी फक्त रेघ पाहिली होती.

तेव्हापासून मांजरपाटाच्या नमुन्याशिवाय आम्ही ड्रेस बेतत नाही. त्याचे वेगळे पैसे घेतो, म्हणून काही गिऱ्हाइकं तुटली. त्याचं वाईट वाटतं, पण नियम मोडला नाही. आज आम्ही सात जणी आहोत. कुणीही चित्र आणलं की जाऊबाई चष्मा लावून पहिला प्रश्न विचारतात, “हे कशावर उभंय?” आणि उत्तर मिळेपर्यंत टेपला हात लावू देत नाहीत.

गेल्या वर्षी त्याच मुलीची धाकटी बहीण आली. तेच रेखाटन, तेच जाकीट. या वेळी कॅनव्हासचे दोन थर आणि कापसाचा पातळ भराव घातला, मांजरपाटावर तीनदा उसवून पुन्हा शिवलं. चौथ्या ट्रायलला ती आरशासमोर गर्रकन वळली आणि कड तशीच उभी राहिली. तो मांजरपाटाचा नमुना अजून आमच्या कटिंगच्या टेबलावर खिळ्याला टांगलेला आहे.