आमची वाटचाल: सांबा, सातपूर आणि एक शेअर फोल्डर

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हापासून काम ठरलेलं: मागे लिनक्सचा सर्व्हर, त्यावर विंडोज पीसींना फोल्डर वाटून देणारा सांबा, पुढे डिझाइनवाल्यांचे नि अकाउंट्सचे विंडोज पीसी. लायसन्सचा खर्च वाचतो म्हणून गिऱ्हाईक खूश. मधली वर्षं एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारांत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते २०२४ च्या दिवाळीनंतरचं. आमच्याच ग्राहकांकडे एक विक्रेता स्वस्तात शिरला. नाव घेत नाही, लाइनीतल्यांना कळेल. "पासवर्ड कशाला, शेठ?" म्हणत त्याने सांबाच्या कॉन्फिगमध्ये 'गेस्ट ओके'ला 'येस' करून टाकलं, म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश. मग विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीचे नवे पीसी आले. त्यात गेस्ट प्रवेश मुळातच बंद. जुन्या पीसीवर फोल्डर उघडतो, नव्यावर सुरक्षा धोरणाचा मेसेज येतो. आणि हा गडी गावभर सांगत सुटला, "फुकटचं लिनक्स घेतलं की असंच होणार, विंडोज सर्व्हर घ्या." एकामागून एक एएमसी हातच्या गेल्या. गाळ्याचं भाडं थकलं. हे मी अजून विसरलेलो नाही.

अंबडचे टूलरूमवाले शेठ तेवढे थांबले. "विकत नंतर घेऊ, आधी बिघाड दाखवा." त्यांच्याच टेबलावर बसून गेस्टची ओळ उडवली, माणसागणिक सांबाचं खातं दिलं, डिझाइन नि अकाउंट्सचे ग्रुप वेगळे करून 'व्हॅलिड युजर्स'मध्ये, म्हणजे परवानगीच्या यादीत लिहिले, टेस्टपार्म चालवून कॉन्फिग तपासलं. नव्या पीसीने नाव-पासवर्ड विचारला आणि डायचं ड्रॉइंग उघडलं.

राहिला वायरकट मशीनशेजारचा जुना विंडोज एक्सपीचा पीसी. त्याला फक्त एसएमबी-१, म्हणजे फाइल शेअरिंगचं जुनं तंत्र कळतं, आणि २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी-१ मधूनच. एका पीसीसाठी अख्ख्या सर्व्हरवर ते चालू करायला मी तयार नव्हतो. एक्सपी नेटवर्कमधूनच काढला, मशीनचा प्रोग्रॅम तपासलेल्या पेनड्राइव्हने जातो. ऑपरेटर कुरकुरतो. कुरकुरू दे.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. लिनक्स पीसीवर शेअर माउंट करताना, म्हणजे जोडताना, पासवर्ड एफएसटॅब या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहू नका, ती फाइल कोणीही वाचतं. क्रेडेन्शियल्सची (नाव-पासवर्डची) वेगळी फाइल करा, मालकी रूटची म्हणजे मुख्य अॅडमिनची, परवानगी ६००, म्हणजे वाचणं-लिहिणं फक्त मालकाला. घरून ड्रॉइंग बघायचंय म्हणून राउटरवर ४४५ हा फाइल शेअरिंगचा पोर्ट उघडू नका, वायरगार्ड हा व्हीपीएन लावा. आणि सगळ्यांना मिळून 'ऑफिस' नावाचं एकच खातं तर नकोच. फाइल कोणी उडवली ते ब्रह्मदेवालाही सापडणार नाही.

गेलेल्यांपैकी काही परत आलेत, शेठनीच पाठवले. जुना एएमसी दर आता मिळणार नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगतो.