खुल्या कॅम्पची फी, बंद कॅम्पचं फुकट जेवण

या उन्हाळ्यात लेकीच्या शाळेच्या पळण्याच्या टीममधली एक मुलगी एका बुटाच्या कंपनीच्या कॅम्पला जाऊन आली. दुसऱ्या राज्यात, पाच दिवस, विमानाचं तिकीट कंपनीचं, राहणं-खाणं कंपनीचं, आणि परत येताना एवढी मोठी बॅग की तिच्या आईने एअरपोर्टवरूनच ग्रुपवर फोटो टाकला. दोन जोड ट्रेनर, स्पाइक्स, जॅकेट, टोप्या, मोजे. आमच्याकडे सख्ख्या मामाकडून पण एवढा आहेर येत नाही. पोरगी गोड आहे, आमच्या घरी येऊन पोहे खाते, तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाहीये. कॅम्पबद्दल म्हणायचंय.

आम्ही हिल्सबरोला राहतो, ऑरेगनमध्ये. मी चिपवाला, कॉम्प्युटरच्या चिपवाला, म्हणजे इथल्या निम्म्या मराठी मंडळींसारखाच. नायकेचं हेडक्वार्टर शेजारच्या बीव्हर्टनला, त्यामुळे इथे पळणं म्हणजे आपल्याकडे गल्लीत क्रिकेट असतं तसं, प्रत्येक शाळेची क्रॉस कंट्री (म्हणजे माळरानातून लांब पळायची) टीम, शनिवारी सकाळी चिखलात उभे आईबाप, हातात कॉफी. मी स्वतः साताऱ्याचा असून आयुष्यात बस पकडायला सोडून कधी पळालो नाही, पण गेली तीन वर्षं स्प्लिट्स, सीडिंग, टेपर असले शब्द माझ्या तोंडात आपोआप येतात.

तर झालं असं. लेक आणि ही मैत्रीण दोघींचं सोफोमोर वर्ष, म्हणजे दहावी, संपलं. एनसीएए म्हणजे इथल्या कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे त्या वर्षानंतरच्या १५ जूनपासून कॉलेजचे कोच ट्रॅकच्या पोरांना आपल्या टीममध्ये घ्यायला थेट मेल-फोन करू शकतात. आमच्याकडे १५ जूनला रात्री बारा वाजता लेक फोन हातात धरून बसलेली, जसं काय बारावीचा निकालच आहे. सकाळपर्यंत दोन मेल आले, दोन्ही सगळ्यांना जातात तसले, प्रश्नावली भरा म्हणून. मैत्रिणीला आठ. ठीक आहे, ती फास्ट आहे. पण जुलैत ती कॅम्पला जाऊन आली, आणि त्यानंतर तिच्याकडे जे मेल यायला लागले ते वेगळेच होते, कोचने स्वतः लिहिलेले, नावासकट, कॅम्पचा फोटो बघितला म्हणून. एकाने तर तिथे तिच्याबरोबर खोलीत कोण होतं तेही लिहिलेलं.

आता आमची बाजू. आम्ही पण कॅम्पला गेलो ना, एका कॉलेजच्या. चार दिवसांचे सहाशे डॉलर, वर सहा तासांची ड्राइव्ह, मोटेल वेगळं. शंभरच्या वर पोरं. हेड कोच पहिल्या दिवशी वीस मिनिटं बोलला आणि शेवटच्या दिवशी ग्रुप फोटोला आला, मधले सगळे दिवस कॉलेजच्याच पोरापोरींनी चालवले. लेकीला मजा आली, खोटं कशाला बोलू. पण मी परत येताना गाडीत गप्प होतो.

मग घरी येऊन नियम वाचत बसलो (बायको म्हणते तुला राग आला की तू पीडीएफ उघडतोस). कॉलेजने स्वतःचा कॅम्प भरवला तर तो सगळ्यांना खुला ठेवावा लागतो. वय, इयत्ता, मुलगा-मुलगी आणि एकूण जागा एवढ्यावरच मर्यादा घालता येते. "आम्ही फक्त भारी पोरं बोलावणार" असं कॉलेजला करता येत नाही, आणि भरतीसाठी हवं असलेल्या पोराला फुकटात कॅम्प देणं तर अजिबात नाही. कारण सरळ आहे, तसं केलं तर कॅम्पच्या नावाखाली भरती चालेल. चांगला नियम आहे. पण तो कॉलेजला लागू. बुटाची कंपनी काही कॉलेज नाही, ती तिला हवी ती वीस पोरं बोलावणार, तिकीट देणार, बूट देणार, सगळं ऑनलाइन टाकणार, आणि ती वीस नावं म्हणजे देशातल्या प्रत्येक कोचसाठी आयती निवडलेली यादी. म्हणजे जो कॅम्प सगळ्यांना खुला, त्याला आपण सहाशे डॉलर भरायचे, आणि जो बंद, तो फुकट. आणि जो बंद तोच कामाचा.

माझा इथला एक मित्र म्हणतो की अरे पळण्यात कसला अन्याय, घड्याळ खोटं बोलत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय ना. घड्याळ खोटं बोलत नाही हे खरं, पण घड्याळ कुठे लावलंय ते बघा की. मैत्रिणीचा ३००० मीटरचा टाइम ९:४८, लेकीचा १०:०२. मैत्रिणीचा टाइम आला तो संध्याकाळच्या गार हवेत, आमंत्रण असलेल्या मीटमध्ये, म्हणजे स्पर्धेत, पुढे पेस लावायला (वेग धरून द्यायला) एक जण आणि आजूबाजूला तिच्याच तोडीच्या सात-आठ जणी. लेकीचा आला तो भर दुपारी, जिल्ह्याच्या मीटमध्ये, शेवटचे चार राउंड एकटी पुढे. मी असं म्हणत नाही की ती ९:४८ पळाली असती. मैत्रीण फास्टच आहे, पाच-सात सेकंदांनी असेल. पण चौदाने नाही. आणि त्या संध्याकाळच्या मीटला जायचं तर आधी टाइम पाहिजे, आणि टाइम यायचा तर तसली मीट पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

त्यात ऑरेगनची गंमत वेगळीच. इथल्या शाळांमध्ये १५०० आणि ३००० मीटर पळतात, बाकी बहुतेक राज्यांत १६०० आणि ३२००. त्यामुळे देशाच्या यादीत आमची पोरं कन्व्हर्ट करून बसवायची. कोण करणार, कसं करणार, देव जाणे.

पैसा आला की सगळंच वाईट, असं माझं म्हणणं नाही. उलट एक जुनी रेस मला फार आवडते. १९७९ मध्ये किनी बुटांच्या नावाने सुरू झालेली, पुढे फूट लॉकरची म्हणून ओळखली गेली ती हायस्कूल क्रॉस कंट्री नॅशनल. फायनल बहुतेक वर्षं सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमध्ये. कितीतरी वर्षं पद्धत अशी की देशाचे चार भाग, प्रत्येक भागात रेस, पहिले दहा मुलगे आणि पहिल्या दहा मुली फायनलला, खर्च कंपनीचा. कंपनीचं नाव मोठ्ठं, बॅनर सगळीकडे, पण एंट्री भरली की रेषेवर उभं राहता येतं आणि दहावा कोण ते डोळ्यांना दिसतं. अकरावा आलास तर रड, पण का ते तुला माहीत असतं. नायकेची क्रॉस नॅशनल इथे पोर्टलंडला होते, २००४ पासून. ती पण बरीचशी रीजनल रेसमधून, काही टीम मात्र कमिटी निवडते. (तिथे शाळांना शाळेच्या नावाने पळता येत नाही, सीझन संपलेला असतो ना, म्हणून सगळे "अमुक क्लब" होऊन येतात. कोच तोच, पोरं तीच, बनियन वेगळं.) माझी तक्रार आहे ती जिथे यादी बंद खोलीत होते तिथे.

आणि कंपनी आणि कॉलेज यांना वेगळं तरी कसं धरायचं? फिल नाइट स्वतः युनिव्हर्सिटी ऑफ ऑरेगनमध्ये पळायचा, बिल बॉवरमन त्याचा कोच, दोघांनी १९६४ मध्ये जी कंपनी काढली तिचीच पुढे नायके झाली. आज त्या युनिव्हर्सिटीचा सगळ्यात मोठा देणगीदार नाइटच, तिथलं नवं हेवर्ड फील्ड स्टेडियम बघून या, डोळे दिपतात. एनसीएएच्या भाषेत देणगीदार म्हणजे बूस्टर, आणि बूस्टरने पोरांना भेटवस्तू देऊन कॉलेजकडे वळवायचं नाही. यात कुणी काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाहीये. पण सोळा वर्षांच्या पोरीने पाच दिवस एका ब्रँडच्या घरी पाहुणचार घेतला, तर पुढे कॉलेज निवडताना तिथे कुठल्या कंपनीचा गणवेश आहे हे तिच्या डोक्यात येणारच नाही?

बास्केटबॉलमध्ये हे फार आधी झालंय. सनी व्हॅकारो नावाच्या माणसाने बुटाच्या कंपनीच्या पैशावर एबीसीडी नावाचा कॅम्प सुरू केला, आधी नायके, मग आदिदास, मग रीबॉक, तिथे चमकलं की कोच रांगेत. आणि सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने धरपकड केली तेव्हा बाहेर आलं की आदिदासचा माणूस पोरांच्या घरच्यांना पैसे पोचवायचा, का, तर पोरगा आदिदासवाल्या कॉलेजला जावा म्हणून. पळण्यात एवढा पैसा नाही, त्यामुळे एवढी घाणही नाही. सध्या मोज्यांवर भागतंय.

आईला साताऱ्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, तो बीडचा साबळे कुठल्या क्याम्पाला गेला होता?" म्हणजे आपला धावपटू अविनाश साबळे. मी म्हटलं आई, तो आधी मिलिटरीत गेला आणि तिथे पळायला लागला. "मग हिला पण घाला मिलिटरीत." विषय संपला.

लेकीसारख्या मधल्या पोरांचं आता अजून अवघड झालंय. पूर्वी डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, टीमला मुलींसाठी क्रॉस कंट्री आणि ट्रॅक मिळून १८ स्कॉलरशिप, मुलांना १२.६, पण टीममध्ये पोरं कितीही ठेवता यायची, त्यामुळे स्कॉलरशिपशिवाय वॉक-ऑन म्हणून आत शिरून दोन वर्षांत वर आलेली कितीतरी पोरं होती. जून २०२५ मध्ये कोर्टाने हाउस सेटलमेंट (खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यातली तडजोड) मंजूर केलं, आणि ज्या कॉलेजांनी ते घेतलं तिथे स्कॉलरशिपची मर्यादा गेली पण टीममध्ये जास्तीत जास्त किती पोरं याचा आकडा आला, क्रॉस कंट्रीला १७, ट्रॅकला ४५. सतरा जागा म्हटल्यावर कोच कशाला १०:०२ वालीवर जुगार खेळेल, तो यादीतलीच घेणार.

लेकीला यातलं अर्ध पटत नाही. "बाबा, तू जेलस आहेस, मी नाही," म्हणाली परवा. असेन. ती रोज सकाळी साडेपाचला त्याच मैत्रिणीबरोबर पळते, हेडलँप लावून, पावसात.

काल रात्री स्वयंपाकघरात बसून एका कोचला मेल लिहीत होती, तिचा विसावा मेल वगैरे असेल. मला विचारलं, ३००० चं ३२०० करताना किती धरायचं. मी एक्सेल उघडलं, १०:४७ च्या आसपास आलं. ती म्हणाली, पण मी ३२०० कधी पळालेच नाहीये, असं कसं लिहू. मग नुसतं १०:०२ लिहिलं, आणि कंसात, एकटी पुढे होते.