तुम्ही विचारलंत म्हणून: टाक्याला सरळ 'स्टिच' का नाही लिहिलं?

"अहो टाका म्हणजे स्टिच, त्यात काय एवढं, लिहून टाका की." हे मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता त्यातल्या शेवटच्या 'टाका'वर हसूही येत नाही. घरचे विचारतात, ओळखीचे विचारतात, आणि ज्यांना मी हे काम करतेय हे कालच कळलंय ते तर पहिल्या दोन मिनिटांत विचारतात. तर एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

काम काय ते थोडक्यात. माझ्या मैत्रिणीच्या आईची एक वही आहे, शिवण, भरतकाम, विणकाम, क्रोशा, सगळं एकत्र. आई आता नाहीत. नातवंडांना मराठी बोललेलं समजतं पण वाचता येत नाही, म्हणून इंग्रजी हवं. धाकटी सून हिंदीभाषक, तिला हिंदी हवं. नातजावई जर्मन आणि (हे ऐकून सगळ्यांनाच मौज वाटते) तो स्वतः विणतो, म्हणून जर्मनही. इंग्रजी आणि हिंदी मी करतेय. जर्मन करणारी बाई वेगळी आहे, तिला मराठी येत नाही, ती माझ्या इंग्रजीवरून करते. म्हणजे मी इंग्रजीत जे ठरवीन तेच जर्मनमध्ये जाणार. परवानगी सगळ्यांची घेतलीय, नावं गाळलीयत.

आता टाका. आपल्याला मराठीत कधी थांबावंच लागत नाही. हाताने शिवतो तो टाका, रुमालावर भरतो तो टाका, सुयांवर लोकरीचा असतो तो टाका, डॉक्टर जखमेला घालतात तोही टाका, दोघांचं जमलं की भिडतो तोही टाकाच. वर 'टाकणे'चं आज्ञार्थी रूप तेच. मी गंमत म्हणून वहीतलं 'एक सुलट टाका, एक उलट टाका' मशीनला भाषांतरासाठी दिलं तर त्यानं काहीतरी सरळ फेकायला आणि काहीतरी उलटं फेकायला सांगितलं. त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

आणि इंग्रजी स्टिचचं नशीब असं की तोही शिवणीत, विणकामात, जखमेत तिन्हीकडे चालतो, म्हणून लोकांना वाटतं प्रश्न संपला. अहो पण नाम एक असून काय करता, सोबत क्रियापद येतं ना. आपण टाके 'घालतो', सुईवरही घालतो आणि जखमेवरही घालतो. इंग्रजीत सुईवर घालायचे तर ते 'कास्ट ऑन', जखमेवर कुणी कास्ट ऑन करत नाही. कच्चा टाका घ्या. एका हितचिंतकांनी 'रॉ स्टिच' सुचवलं, मी नम्रपणे मान हलवली. त्याला 'बेस्टिंग' म्हणतात, नाहीतर 'टॅकिंग', आणि दोन्हीतलं कुठलं घ्यायचं ते वाचणारा अमेरिकन वळणाचा की ब्रिटिश वळणाचा यावर. क्रोशात तर अजून मजा, आपला मुका खांब (क्रोशातला एक आखूड, साधा टाका) अमेरिकेत 'सिंगल क्रोशे' आणि ब्रिटनमध्ये 'डबल क्रोशे', टाका तोच, आणि त्यांचं 'डबल' आपण अमेरिकन समजून विणलं तर टोपी टोपलीएवढी होते. शिलाई मशीनच्या टिपेबद्दल मी बोलतच नाही, कारण टीप म्हटलं की तळटीप आठवते आणि तळटिपांबद्दल माझं आधीच भांडण आहे, ते पुढे येईल.

दुसऱ्या भाषांत गेलं की नामसुद्धा फुटतं. हिंदीत जखमेचा टाँका, शिवणीचा टाँका, डाख देतात तोही टाँका, पण सुईवरच्या लोकरीचा मात्र फंदा. आणि फंदा म्हणजे फाससुद्धा. जर्मनमध्ये विणकामाचा टाका तो 'माशे', अनेक झाले की 'माशेन', शिवणीचा तो 'श्टिश', आणि जखमेचे टाके काढायचे असतील तर ते लोक चक्क धागे ओढतात, टाक्याचं नावच नाही. फ्रेंचमध्ये सुईवरचा 'माय', शिवणीचा आणि जखमेचा 'प्वाँ'. जपानीत विणकामाचा टाका म्हणजे डोळा आणि जखमेचे टाके मोजताना सुया मोजतात. एक स्पॅनिश तेवढी आपल्यासारखी निघाली, लोकरीचाही 'पुंतो' आणि जखमेचाही 'पुंतो', आणि वाक्याच्या शेवटी देतात तो पूर्णविरामही पुंतोच. मी मैत्रिणीला म्हटलं, तुमच्या घरात स्पॅनिश जावई आला असता तर माझे कष्ट वाचले असते.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं आहे, आणि जे विचारतात त्यांना मी बहुतेक वेळा इथपर्यंतच सांगते. पण अडलंय ते इथे नाही. अडलंय ते एका पानावर.

वहीच्या मध्यावर बाळाच्या मोज्यांची मापं आहेत, टाच किती, पाऊल किती, लोकर कुठली. पुढच्या पानावर तारीख, तीही फक्त दिवस आणि महिना, साल नाही, आणि एक ओळ: "आज २२ टाके घातले." त्याखाली ११ दिवसांनंतरची तारीख आणि: "टाके काढले. राहिलं ते राहिलंच." बस. त्यानंतर बरीच कोरी पानं, मग एकदम उशीच्या अभ्र्याचं भरतकाम.

मी पहिल्यांदा हे भाषांतर केलं तेव्हा एक क्षणही थांबले नाही. विणकामाची वही, आधीच्या पानावर मोजे, म्हणजे सुईवर २२ टाके घातले, कास्ट ऑन, पुढे. पाठवून दिलं. मैत्रिणीनं वाचलं, छान म्हणाली. मग तिच्या मोठ्या भावानं वाचलं आणि त्याचा मला रात्री फोन. म्हणाला, हे कास्ट ऑन कशावरून? मी म्हटलं, मोज्यांवरून. तो म्हणाला, मी लहान होतो, आई एकदा बरेच दिवस घरी नव्हती, विश्रांतीला गेलीय असं सांगितलं होतं, आणि परत आली तेव्हा मला उचलून घ्यायची नाही, पोटाशी येऊ द्यायची नाही. ते टाके लोकरीचे नाहीत.

आता मी काय करणार? मी पुरावे बघत बसले. विणणाऱ्यांना माहीत असेल, मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर साधारण २२ टाक्यांत १० सेंटिमीटर भरतात, म्हणजे २२ टाके हा अगदी विणीचा नमुना करून बघायचा आकडा. मोज्याला त्यापेक्षा जास्त लागतात, पण मोजा सुरू करण्याआधी नमुना करतातच. म्हणजे लोकर. दुसरीकडे, पोटावरचे टाके सहसा ७ ते १० दिवसांत काढतात, थोडं लांबलं तर ११ होतात. म्हणजे जखम. मग तिचे शब्द तपासले. पूर्ण वहीत विणलेलं मोडलं की ती 'उसवलं' लिहिते, काम संपलं की 'टाके बंद केले' लिहिते, 'टाके काढले' असं दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे जखम. पण वहीत स्वतःबद्दल, तब्येतीबद्दल, घराबद्दलही दुसरी एकही ओळ नाही, मग हीच का लिहील? म्हणजे लोकर.

भावाचं म्हणणं ठाम होतं, ऑपरेशन लिहा. मैत्रीण म्हणाली, ऑपरेशन म्हणतोस तर मग मोजे कुणाचे होते तेही सांग. ती स्वतः धाकटी, तिच्यानंतर घरात बाळ नाही, आणि तिच्या जन्माच्या आधीचं हे असेल की नंतरचं हे साल नसल्यामुळे कळत नाही. भाऊ गप्प. हे दोघं पन्नाशी पार केलेले, रोज फोनवर बोलणारे, आणि या विषयावर आयुष्यात एकदाही बोललेले नाहीत. त्यानंतर बरेच आठवडे ते एकमेकांशी बोललेच नाहीत, निरोप माझ्यामार्फत. मी भाषांतर करायला गेले होते हो. मला कुणाच्या आईचं पोट उघडून बघायचं नव्हतं.

एका संध्याकाळी मैत्रीण जे बोलली ते मला लागलं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही, असलंच तर, त्यातच आहे. म्हणाली, "वही इतकी वर्षं घरात आहे, ती ओळ मी कितीदा वाचलीय, मला कधी प्रश्नच पडला नाही. तू विचारायला लागलीस म्हणून पडला." मी म्हटलं, मी नाही विचारत, इंग्रजी विचारते. ती म्हणाली, तेच ते.

तेच ते नाहीये. निदान मला तसं वाटतं. आईंनी लिहिताना काही लपवलं असंही नाही आणि सांगितलं असंही नाही, मराठीत ते वाक्य तसंच उभं राहतं, दोन्ही पायांवर, आणि वाचणारा पान उलटतो. दुसऱ्या भाषेत एक पाय उचलल्याशिवाय ते उभंच राहत नाही. कुठला उचलायचा हे ठरवणारी मी कोण?

पण इथे माझीच एक जुनी आवृत्ती मला आडवी येते. मी पूर्वी तरुण भाषांतरकारांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे, तळटीप म्हणजे पळवाट, दोन अर्थ निघत असतील तर एक निवडा आणि जबाबदारी घ्या, वाचकाला तुमच्या शंका नको असतात. त्या बाईला आता म्हणावंसं वाटतं, घे जबाबदारी, कर तो फोन, सांग भावाला की तुझी आठवण कच्ची आहे, नाहीतर सांग बहिणीला की तुझ्या आईनं तुला हे सांगितलं नव्हतं. ती बाई काय उत्तर देईल तेही मला माहीत आहे. ती म्हणेल, तू आईंच्या मनाचा आदर वगैरे काही करत नाहीयेस, तू घाबरलीयस, आणि घाबरण्याला मोठं नाव देतेयस. तिचं अगदीच खोटं नाही.

इंग्रजीत शेवटी मी क्रियापदच उडवलं. 'ट्वेंटी-टू स्टिचेस टुडे.' आणि पुढे 'स्टिचेस आउट.' म्हणजे ज्यांनी सरळ स्टिच लिही म्हणून माझं डोकं खाल्लं त्यांना सांगते, त्या वहीत सरळ स्टिच लिहून भागलं अशी ही एकच जागा आहे, आणि ते दोन शब्द सगळ्यात उशिरा लिहिले गेले. भाऊ म्हणाला, बरोबर, हॉस्पिटल. मैत्रीण म्हणाली, हो, सुया. दोघं आपापलं वाचून गेले. हे यश आहे की लबाडी ते मला विचारू नका.

हिंदीत तेही जमेना. फंदे लिहिले की लोकर पक्की. टाँके लिहिलं, तर धाकट्या सुनेनं वाचून शांतपणे सांगितलं की ताई, हिंदीत विणणारी बाई 'बाईस टाँके' वाचून लोकरीचा विचार कधीच करणार नाही. म्हणजे मी काही न ठरवता भाषेनंच ठरवून टाकलं. मी तसंच ठेवलंय. का ठेवलं याचं उत्तर रोज वेगळं येतं, कधी भावाचं पटतं म्हणून, कधी नुसतीच दमले म्हणून.

आणि जर्मन. ती बाई कामाला एकदम चोख, तिनं सरळ विचारलं, माशेन की श्टिश? मी तिला दोन पानी मेल लिहिला, पुरावे, तारखा, ४ मिलिमीटरच्या सुया, सगळं. तिचं उत्तर एका ओळीचं, समजलं, पण माशेन की श्टिश? तिची चूक नाही, तिला पान पूर्ण करायचंय. मी म्हटलं, 'टाके'च ठेव, रोमन लिपीत. ती म्हणाली, मग वाचणाऱ्याला वाटेल भाषांतर करायचं राहून गेलं. मी म्हटलं, वाटू दे. नातजावयाला ते आवडलेलं नाही, तो म्हणतो मी विणतो, मला मोजे पुरे करायचेत, मला आकडा कशाचा आहे ते कळायला नको का? त्याचंही खरं आहे.

आता तिनं तोडगा काढलाय की निदान मागे शब्दसूची देऊ, तिथे 'टाके' पुढे जर्मन अर्थ लिहू, दोन्ही लिहू. चालेल म्हटलं. मग तिचा पुढचा मेल आला: दोन्हीतला पहिला कुठला?