तळं बघायला कधी यायचं?

आत्याने फोनवर आधी विमानाचं भाडं सांगितलं, मग पासपोर्ट कधी संपतो ते सांगितलं आणि शेवटी मुद्द्याचं विचारलं, "ते तुझं तळं बघायला कधी येऊ?"

माझं तळं म्हणजे हांगझोऊचं शीहू. शी म्हणजे पश्चिम, हू म्हणजे तळं. गावाच्या पश्चिमेला आहे म्हणून पश्चिमेचं तळं, एवढं साधं नाव. आम्ही राहतो शांघायला. तिथून वेगवान रेल्वेने तासाभरात हांगझोऊ येतं, त्यामुळे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेते. आणि परतीच्या गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "पंधरा दिवस आधी यायला हवं होतं." नाहीतर पंधरा दिवस नंतर.

आत्या कोल्हापूरची. प्रश्न तिनेच विचारला, पण तो तिला स्वतःलाच पटत नव्हता. "रंकाळ्यावर जायला कुणी महिना बघतं का गं?"

नाही बघत. पण रंकाळ्याला ठरवून दिलेले दहा देखावे नाहीत. शीहूला आहेत. दक्षिण सुंग राजवटीत, हांगझोऊ राजधानी होती तेव्हापासून ही यादी चालत आली आहे. दहांतले चार तर सरळ एकेका ऋतूला बांधलेले: सू बांधावरची वसंतातली पहाट, वाऱ्यावर डुलणारी कमळं, निवांत पाण्यावरचा शरदातला चंद्र आणि तुटक्या पुलावरचं वितळता वितळता उरलेलं बर्फ. म्हणजे आयुष्यात एकदाच येणाऱ्याचे चारांतले तीन हुकणार, हे सातशे वर्षांपूर्वीच नक्की झालेलं. मी आत्याला म्हटलं, "थांब, तिथल्याच लोकांना विचारते." ही माझी चूक.

पहिलं विचारलं ते चहावाल्या बाईंना. तळ्याच्या मागच्या डोंगरात लोंगजिंग नावाचं गाव आहे. त्याच नावाचा हिरवा चहा तिथे होतो. बाई तापलेल्या लोखंडी कढईत ओली पानं नुसत्या तळव्याने दाबत, फिरवत, चपटी करत होत्या. झारा नाही, फडकं नाही. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "छिंगमिंगच्या आधी या." छिंगमिंग म्हणजे ४-५ एप्रिलच्या सुमाराचा, पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन झाडलोट करण्याचा सण. त्याच्या आधी खुडलेली कोवळी पानं सगळ्यात महाग, नंतरच्या पानांना तो भाव नाही. बाईंचा वसंत भावाबरोबर चढतो आणि भावाबरोबर उतरतो.

टॅक्सीवाल्याने तोंड वाकडं केलं. वसंतात काय आहे, गर्दी आणि शिंका! यायचं तर गुइहुआच्या वेळी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. गुइहुआ हे शहराचं मानाचं फूल. तांदळाच्या कणीएवढं, पिवळट, पानांच्या बेचक्यात लपलेलं. झाड दिसायच्या आधी वास येतो, पिकलेल्या जर्दाळूसारखा गोड. टॅक्सीवाल्याचं खोटं नव्हतं. पण ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे सगळ्या चीनला राष्ट्रीय दिनाची सुट्टी, आणि पहिल्या वर्षी मी नेमकी तेव्हाच गेले होते. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाबाहेर उभं राहिलेल्याला गर्दीचं काय कौतुक, असं वाटलं होतं मला. तुटक्या पुलावर मी चालले नाही, वाहिले. पूल दिसलाच नाही. पायाखाली चढ लागला आणि मग उतार लागला, त्यावरून समजायचं की तो पूल होता.

हॉटेलच्या मालकीणबाई म्हणाल्या, जुलैत या, कमळं असतात. जुलैत पारा चाळिशीला टेकतो आणि खोल्या रिकाम्या असतात, हे त्यांनी सांगितलं नाही. गळ्यात दोन कॅमेरे अडकवलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी मात्र सगळ्यांना उडवून लावलं. बर्फ! त्याशिवाय हे तळं बघूच नये. पुलाचं नाव 'तुटका' का, तर उन्हाकडच्या बाजूचं बर्फ आधी वितळतं, सावलीकडचं पांढरंच राहतं आणि लांबून पूल मध्येच तुटल्यासारखा दिसतो, अशी एक उपपत्ती आहे. पण हांगझोऊत बर्फ कधी पडेल, पडेल तर टिकेल का, याचा भरवसा नाही. थंडी मात्र भरवशाची. उत्तर चीनसारखी घरोघर नळांतून ऊब पुरवायची सोय इथे नाही, त्यामुळे ओली थंडी हाडांत शिरते आणि तिथेच बिऱ्हाड करते.

बर्फाच्या बाजूने जुनी वचनंही आहेत. उन्हातल्या तळ्यापेक्षा पावसातलं बरं, पावसातल्यापेक्षा चांदण्यातलं आणि चांदण्यातल्यापेक्षा बर्फातलं, अशी उतरंडच लावून ठेवलेली. मला त्याहून आवडते ती मिंग काळाच्या अखेरची एक हकीकत. एक शौकीन गृहस्थ तीन दिवस बर्फ पडून गेल्यावर, माणूस-पाखराचा आवाज नाही अशा वेळी, एकटेच तळं बघायचं म्हणून होडी घेऊन मधल्या बेटावरच्या मंडपात गेले. तर तिथे दोघेजण आधीच पथारी टाकून बसलेले, शेजारी दारू गरम होतेय. म्हणजे गर्दीचा प्रश्न तेव्हाही होताच, फक्त आकडा दोन होता.

शेवटी महिना ठरवला भाड्याने. आत्याला स्वस्त तिकीट मिळालं ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यातलं. एकानेही न सुचवलेला काळ, कारण तेव्हा तिथे सारखा पाऊस. या पावसाला तिकडे मेइयू म्हणतात. मेइ नावाची आंबट फळं पिकतात तेव्हाचा पाऊस म्हणून ते नाव. पण बुरशीलाही मेइच म्हणतात, अक्षर वेगळं आणि उच्चार तोच, आणि कपाटातले बूट बघितले की कुठलं मेइ खरं ते कळतं.

सू बांधावर आम्ही दोघी रेनकोट घालून चाललो. पलीकडचे डोंगर गायब, लेईफेंगचा मनोरा गायब. विलोच्या फांद्या पाण्यात टेकलेल्या आणि पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं. मी दिलगिरीच्या सुरात माहिती देत होते. सू तोंगपो कवी होता, पण १०८९ मध्ये इथे आला तो अधिकारी म्हणून. तळं निम्मं शेवाळाने भरलेलं. त्याने गाळ उपसला आणि त्याच गाळाचा हा जवळजवळ तीन किलोमीटरचा बांध घातला. काठाला लोकांना शिंगाडे लावू दिले, पण आत सरकायचं नाही म्हणून पाण्यात तीन दगडी मनोरे उभे केले. त्यांच्या जागी पुढे उभारलेल्या मनोऱ्यांत आता शरदाच्या पौर्णिमेला दिवे लावतात आणि एक युआनच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे.

"म्हणजे शिंगाड्याच्या हद्दीचे दगड," आत्या म्हणाली. तिला एवढं पुरलं. मग लिंगयिन मंदिरापाशी तिला 'उडून आलेली टेकडी' दाखवली. चौथ्या शतकात एका भारतीय भिक्षूने ती पाहिली आणि म्हणाला, ही तर आमच्या मगधातली गृध्रकूट, इकडे कधी उडून आली? आत्याने टेकडीकडे नीट बघितलं. "तिने नाही ना विचारलं, कुठल्या महिन्यात येऊ म्हणून!"

निघताना आडोशाच्या एका टपरीवर कमळकंदाच्या सत्त्वाची वाटी घेतली. बाईंनी पांढरी पूड आधी चमचाभर गार पाण्यात कालवली, मग वरून उकळतं पाणी धारेने ओतत भराभर ढवळली. बघता बघता पांढऱ्याचं तपकिरी, काचेसारखं काहीतरी झालं. वर गुइहुआची वाळकी फुलं, गेल्या वर्षीची. "पतंगाच्या खळीसारखं दिसतंय," असं म्हणत आत्याने वाटी चाटूनपुसून संपवली आणि पावसाकडे बघत बसली. आंबोलीला गेलं की बसते तशी.

टपरीवाल्या बाई माझ्याकडे बघून हळहळल्या. इतक्या लांबून आल्या बिचाऱ्या आणि काहीच दिसलं नाही, ऑक्टोबरात तरी आणायचं होतंस.

"काय म्हणतायत गं?" आत्याने विचारलं.

"सावकाश जा म्हणतायत. वाट निसरडी आहे."