आधी वाट, मग बोट

सिॲटलची पियर ९१ आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. उन्हाळाभर तिथून अलास्काच्या सहलीच्या बोटी, म्हणजे क्रूझ, सुटतात. तरीही मी घरात सांगत होते की आपण आधी गाडीने कॅनडात जायचं, व्हँकुव्हरला, आणि बोट तिथून पकडायची. दारात नळ असताना घागर घेऊन विहिरीकडे निघालेल्या बाईकडे बघावं, तसं नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

सांगलीहून आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले होते. आम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी मिळून सहा माणसं. 'अलास्का करायचं' एवढं सहाही जणांना मान्य होतं, आणि मतैक्य तिथेच संपत होतं. मुलाला नॉर्वेजियन कंपनीची बोट हवी होती, कारण तिच्या डेकवर गो-कार्टचा ट्रॅक आहे. नवऱ्याला रॉयल कॅरिबियन, कारण त्यांच्या मोठ्या बोटीवर क्रेनसारख्या हाताने वर उचलली जाणारी काचेची खोली असते. मुलीला डिस्ने. तिचं बरोबरच होतं, पण डिस्नेचे दर बघून आम्ही तिला जास्त काही विचारलं नाही. बाबा म्हणाले, "मला बर्फ जवळून दाखवा, बाकी काही नको." आई म्हणाली, "मला बोट लागली तर?"

आईचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. आईला एसटी लागते. लहानपणी सांगलीहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटात किती वेळा गाडी थांबवली असेल, याचा हिशेब नाही. पर्समध्ये लिंबू, आल्याची वडी आणि प्लॅस्टिकची पिशवी ठेवल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. मग मी कंपन्यांच्या वेबसाइटी बंद केल्या आणि नकाशा उघडला.

नकाशात गोष्ट स्पष्ट दिसते. सिॲटलहून निघणाऱ्या मोठ्या बोटी सहसा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या बोटी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून जातात. ही वाट अरुंद आहे, दोन्ही बाजूंना डोंगर आहेत आणि पाणी बरंचसं तळ्यासारखं असतं. त्या वाटेवर सीमोर नॅरोज नावाची एक चिंचोळी खिंड आहे. तिथे भरती-ओहोटीचा ओढा इतका जबर असतो की पाणी थांबेल ती वेळ साधूनच बोटी पार होतात. खिंडीच्या मधोमध पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता आणि त्याने कित्येक जहाजं बुडवली. शेवटी १९५८ साली समुद्रतळाखालून बोगदा खणून, त्यात सुरुंग भरून तो उडवला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. हे ऐकल्यावर त्यांचं मत तिथल्या तिथे व्हँकुव्हरला पडलं.

एक तोटाही आहे. व्हँकुव्हर बंदरातून बाहेर पडताना लायन्स गेट पुलाखालून जावं लागतं आणि त्याची पाण्यापासूनची उंची साधारण ६१ मीटर आहे. त्यामुळे सगळ्यात उंच, सगळ्यात झगमगाटी बोटी व्हँकुव्हरला येऊ शकत नाहीत, त्या सिॲटलहून सुटतात. गो-कार्ट गेलं. मुलगा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलला.

आता व्हिसा. आपल्यापैकी पुष्कळ जणांना वाटतं की सिॲटलहून निघून सिॲटललाच परत यायचं आणि अलास्का तर अमेरिकेतच, मग कॅनडाचा व्हिसा कशाला? लागतो. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाला अमेरिकेच्याच बंदरांमध्ये फिरून प्रवासी परत आणता येत नाहीत, मध्ये परदेशातलं बंदर घ्यावंच लागतं. आणि या सगळ्या मोठ्या बोटी परदेशी झेंड्याच्या, कुणी बहामाची, कुणी बर्म्युडाची. म्हणून सिॲटलच्या बोटी शेवटच्या संध्याकाळी चार-पाच तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला टेकतात. ते तुमच्या सोयीसाठी नसतं, कायद्यासाठी असतं. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्याला तेवढ्यासाठीही कॅनडाचा व्हिसा हवा, मग तुम्ही बोटीतून उतरा किंवा उतरू नका. आमच्या दोघांकडे ग्रीन कार्ड आहे आणि मुलं अमेरिकन नागरिक आहेत, म्हणून आमचा प्रश्न नव्हता. आई-बाबांचा होता. त्यांचा व्हिसा आम्ही ते भारतात असतानाच मुंबईहून काढून ठेवला. व्हिसा दोन्हीकडून लागणारच होता, मग व्हँकुव्हरचाच पुरेपूर उपयोग का करू नये?

वाट ठरली. दुसरी चाळणी म्हणजे बर्फ कुठला बघायचा. सगळ्याच कंपन्यांच्या जाहिरातीत हिमनदी असते, पण प्रत्येकीची हिमनदी वेगळी असते. कुणी हबर्ड दाखवतं, कुणी एंडिकॉट आर्मच्या फटीतून डॉज ग्लेशियरपर्यंत नेतं, आणि कुणाला ग्लेशियर बे नॅशनल पार्कचा परवाना असतो. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला फक्त दोनच मोठ्या बोटी सोडतात आणि परवाने मोजक्या कंपन्यांकडे आहेत. मुख्यतः प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियन. व्हँकुव्हरहून जाऊन-येऊन सात दिवस, वाटेत जुनो, स्कॅगवे, केचिकन आणि एक अख्खा दिवस ग्लेशियर बे, असं सगळं जुळणारी बोट हॉलंड अमेरिकेची मिळाली. म्हणजे कंपनी आम्ही निवडलीच नाही, बाकी सगळं ठरवत गेल्यावर ती उरली.

खोल्या दोन घेतल्या. आई-बाबांना आणि नातीला बाल्कनीची, बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर, कारण तिथे डुलणं सगळ्यात कमी. आम्हाला समोरचीच बिनखिडकीची. दिवसभर सगळे बाल्कनीतच असतात, झोपायला काळोख लागतोच. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा बिनखिडकीच्या खोलीत झोप जास्त चांगली लागते. पैसेही वाचले, आणि वाचायलाच हवे होते. तिकिटाच्या आकड्यावर टिप, वाय-फाय आणि प्रत्येक बंदरातल्या सहलीचे पैसे चढतात. आईबाबांचा प्रवास विमा बोटीवरच्या डॉक्टरला लागू आहे का, तेही वाचून घ्यावं. आमचा नव्हता, निघण्याआधी चार दिवस कळलं, मग दुसरा काढला. फोन विमान-मोडवर टाकायला नवरा विसरला आणि फोन बोटीच्या नेटवर्कला चिकटला. ते बिल किती आलं, हे आमच्या घरात आजही आईसमोर बोलत नाहीत.

निघताना व्हँकुव्हरच्या धक्क्यावर, कॅनडा प्लेसला, अमेरिकेचं इमिग्रेशन जमिनीवरच झालं. चढताना बाबांनी बोटीच्या मागे लिहिलेलं नोंदणीचं बंदर वाचलं, 'रॉटरडॅम'. "ही बोट हॉलंडची, निघणार कॅनडातून, जाणार अमेरिकेत आणि जेवायला वाढणार इंडोनेशियाची मुलं," ते म्हणाले. पुलाखालून जाताना डेकवरचे सगळे मान वर करून उभे. धुराडं आता घासतं की मग, असं वाटतं. मुलाने दोन दिवसांत पहिल्यांदा "भारी" म्हटलं.

जेवणाचं सांगितलंच पाहिजे. आई पूर्ण शाकाहारी. बुकिंग करतानाच 'भारतीय शाकाहारी' असं कळवायचं असतं, ते मी विसरले. पहिल्या रात्री तिच्यासमोर उकडलेल्या भाज्या आल्या, मिठाचा कण नसलेल्या. ती काही बोलली नाही, फक्त पर्समधून चटणीची डबी काढली. दुसऱ्या दिवशी मी हेड वेटरला गाठलं. रात्री डाळ आली, वांग्याची भाजी आली, आणि मागून ती करणारा माणूसच आला. मडगावचा. गोव्यातून बोटीवर नोकरीला जाणारी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत, सासष्टीत तर गल्लीगल्लीत. त्याचा बापही तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, होता. कराराचे महिने संपले की गणपतीला नाही, पण नाताळला तरी घरी पोचायचं, एवढाच त्याचा हिशेब. तो आईला म्हणाला, "काकी, फाल्यां हांव तिखट करतां." म्हणजे उद्या मी तिखट करतो. आईला कोकणी येत नाही, तिखट येतं. त्यानंतर रोज संध्याकाळी ती आमच्याआधी तयार होऊन बसायची. आम्ही जेवणाची ठरावीक वेळ आणि ठरावीक टेबल घेतलं होतं, ते इथे उपयोगी पडलं. वाटेल तेव्हा जेवायची सोय ऐकायला छान वाटते, पण रोज नव्या वेटरला कांदा-लसूण चालतो आणि अंडं चालत नाही, हे कोण समजावणार?

बंदरांबद्दल फार लिहीत नाही. केचिकनला पाऊस होता. तिथे तो असतोच. जुनोला व्हेल बघितले. हे हंपबॅक हिवाळ्यात हवाईला जातात, तिथे पिल्लं होतात, खाणं मात्र जवळजवळ बंद. मग उन्हाळ्यात अलास्काच्या थंड पाण्यात येऊन खातात. मुलीने विचारलं, "म्हणजे आजी इथे आली की खाते तसं?" जुनो ही राज्याची राजधानी, पण तिथे रस्त्याने पोचता येत नाही, बोट नाहीतर विमान.

स्कॅगवेला बाबांनी माझा हात सोडला म्हणायला हरकत नाही. तिथे व्हाइट पासची रेल्वे आहे, १८९८ ला सुरू करून १९०० मध्ये पुरी केलेली. कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं शोधायला निघालेल्यांसाठी. कॅनडाचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री बरोबर असल्याशिवाय हद्दीत घेत नसत, आणि ते जवळजवळ टनभर ओझं माणसं खेपा घालून डोंगरावर चढवत होती. रेल्वेचा रूळ अरुंद, तीन फुटी. "आपली बार्शी लाइट अडीच फुटी," बाबा म्हणाले. मिरजेहून पंढरपूरला त्या गाडीने ते आषाढीला गेले होते, टपावर बसून. डब्यातल्या एका टेक्ससच्या आजोबांना त्यांनी हे सगळं सांगितलं. इंग्रजीतला 'टप' त्यांना सापडला नाही, म्हणून हाताने दाखवला.

पाचव्या दिवशी ग्लेशियर बे. सकाळी एक छोटी लाँच बोटीला येऊन लागली आणि हिरव्या-करड्या गणवेशातले पार्कचे रेंजर चालत्या बोटीवर शिडीने चढले. दिवसभर स्पीकरवरून तेच माहिती देत होते. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरचे खलाशी इथे आले तेव्हा ही खाडीच नव्हती, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर होडीतून आला तोवर बर्फ साठ किलोमीटरहून जास्त आत सरकला होता. बाबांनी डायरीत आकडे लिहिले आणि खाली लिहिलं, 'शिवसागराहून लांब'. कोयनेच्या जलाशयाशी तुलना केल्याशिवाय त्यांना पाण्याचा कुठलाही आकडा कळत नाही.

पुढचा डेक उघडला होता. आईला शालीवर शाल. कुणीतरी वाटाण्याच्या सूपचे वाफाळते कप फिरवत होतं. डच पद्धतीचं हे सूप बर्फाच्या दिवशी देतात. वाटाणा म्हणून आईने हात पुढे केला, तेवढ्यात मी विचारून घेतलं. डच पद्धतीत त्यात डुकराचं मांस असतं. कप नवऱ्याकडे गेला, आणि मग आणखी एक गेला.

मार्जरी ग्लेशियरसमोर बोट थांबली. इंजिनाची घरघर जवळजवळ नाहीशी झाली. पाणी ताकासारखं, हिरवट. हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ त्यात मिसळलेलं असतं. समोर दीड किलोमीटर रुंद भिंत, पाण्यावर पंचवीस मजली घराएवढी, आणि भेगांमधून निळी. निळीच्या पाण्यात बुडवलेल्या धोतरासारखी, असं आई म्हणाली. तासभर काहीच झालं नाही. मुलगी कंटाळली, मुलाने कानात इयरफोन घातले. मग डावीकडचा एक सुळका नि:शब्द, अगदी सावकाश, कलला आणि पाण्यात गेला. पांढरा फवारा उडाला तरी आवाज नाही. आणि मग गडगडाट आला, छातीत जाणवेल असा. ट्लिंगिट लोक, ही खाडी ज्यांची आहे ते, याला पांढरी मेघगर्जना म्हणतात, असं रेंजर सांगत होती.

बाबा घड्याळाकडे बघत होते. "तीन सेकंद," ते म्हणाले. "म्हणजे एक किलोमीटर." मुलाने इयरफोन काढले. "आबा, परत पडलं तर मी मोजतो." पुढचा दीड तास दोघं कठड्याला टेकून उभे होते. आणखी दोनदा पडलं. एकदा तीन, एकदा जवळजवळ चार. गो-कार्टचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

परतीच्या रात्री उघड्या समुद्राचा छोटासा पट्टा लागतो, क्वीन शार्लट साउंडचा. तिथे बोट थोडी डुलली. मी आल्याच्या वड्या घेऊन आईच्या दारावर टकटक केली, तर ती गाढ झोपली होती. सात दिवसांत लिंबू कापायची वेळ आली नाही.

व्हँकुव्हरला उतरून गाडीत सामान भरलं, सीमेवर तासभर रांगेत थांबलो आणि सिॲटलच्या रस्त्याला लागलो. बेलिंगहॅम मागे पडलं तोच मागच्या सीटवरून आईचा आवाज आला, "जरा गाडी बाजूला घेता का हो जावईबापू?"