वाळूवर का नाही उतरवले?

१७ एप्रिल २०२१ रोजी फ्लोरिडातील कोको बीचच्या एअर शोमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील टीबीएम ॲव्हेंजर हे विमान पोहणाऱ्यांच्या अगदी जवळ समुद्रात उतरले, तेव्हा मी किनाऱ्यावर होतो. आमच्या वर्कशॉपमध्ये अशाच जुन्या विमानांची पिस्टन इंजिने दुरुस्त होतात, आणि आमच्या हाताखालून गेलेले एक विमान त्या शोमध्ये असल्याने मला तिथे पाठवले होते.

ॲव्हेंजरच्या इंजिनात १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन वर्तुळांत. १९०० अश्वशक्तीचे हे धूड नीट चालते तेव्हा त्याचा आवाज छातीत जाणवतो. त्या दिवशी विमान खाली येत होते आणि तो जोर कुठेच नव्हता. वैमानिकाने ते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात टेकवले. कोणालाही इजा झाली नाही.

मी फोनवर मराठीत बोलताना ऐकून शेजारचे एक काका पुढे सरसावले. मुलाकडे ऑरलँडोला आले होते. "अहो, एवढा लांबलचक किनारा असताना वाळूवर का नाही उतरवलं त्यानं?" मी त्यांना सांगितले की वाळूवर माणसे होती, आणि ती नसती तरी चाके वाळूत रुतून नाकावर उलटण्याची भीती होती. पाण्यात मात्र चाके पंखांत मिटलेली ठेवून, वेग शक्य तितका कमी करून, शेपूट आधी टेकवता येते. काकांना ते फारसे पटले नाही.

भोवतालची मंडळी मात्र विमान वाचले म्हणून टाळ्या वाजवत होती. आमच्या धंद्यात खरी घाई तिथूनच सुरू होते. खारे पाणी लागलेले ॲल्युमिनियम पोलादी बोल्टच्या सान्निध्यात झपाट्याने खाल्ले जाते आणि मॅग्नेशियमच्या भागांचे तर पीठ होते, म्हणून मीठ सुकू न देता गोड्या पाण्याचा मारा करावा लागतो. मग स्पार्क प्लग काढायचे, इंजिनापुढचा पंखा हाताने फिरवून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढायचे, आणि लगोलग तेल भरायचे. खालच्या सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असते. पंखा अडला म्हणून कोणी जोर लावला, तर आतला दांडा वाकतो. उतावीळ मदतनीसांनी समुद्रापेक्षा जास्त नुकसान केलेले मी पाहिले आहे.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत अशा शोमध्ये विमानाच्या वेगानुसार प्रेक्षकांपासून ५००, १००० किंवा १५०० फुटांवर कसरतीची रेषा आखतात, आणि ती काटेकोरपणे पाळली जाते. ही रेषा खुर्ची टाकून वर पाहणाऱ्यासाठी आहे. इंजिन बंद पडलेल्या विमानाला ती बांधू शकत नाही. कंबरभर पाण्यात पाठ फिरवून उभ्या असलेल्या माणसाला, जवळजवळ आवाज न करता येणारे विमान कोण दाखवणार? माझ्या कानाला रेडिओ होता, जीवरक्षकाच्या गळ्यात शिट्टी होती, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पुढे दुसऱ्या एका शोच्या आयोजकांना मी सुचवले की जीवरक्षकांनाही एक रेडिओ संच द्यावा. त्यांनी ते वहीत लिहून घेतले आणि मग आमच्या बोलण्याची गाडी पार्किंगच्या अडचणींकडे वळली.