पानं हातात, नशीब पायाखाली

पत्त्यांचा डाव हा तसा बैठा खेळ. मांडी घालायची, चेहरा मख्ख ठेवायचा आणि हातातली पानं शेजाऱ्याला दिसू द्यायची नाहीत. यात तोंडावर आपटायला वाव कुठे आहे? तरीही हाँगकाँगवाल्यांनी जुगारावर जे धुडगूस घालणारे सिनेमे काढले, त्यांत माणसं बसतात कमी आणि आपटतातच जास्त. कँटोनीज मला ओ की ठो कळत नाही. सबटायटल वाचेपर्यंत कोणीतरी टेबलाखालून पसार झालेलं असतं. पण मेंढीकोटात भुवई उडवून भिडूला खूण करणारा माणूस कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

या वेडाला तिथला कायदाही थोडा जबाबदार असावा. हाँगकाँगमध्ये कॅसिनोला परवानगी नाही. जॉकी क्लबच्या शर्यती आहेत, लॉटरी आहे, माहजोंग या सोंगट्यांच्या चिनी खेळाचे परवाना असलेले अड्डे आहेत. कॅसिनोच हवा असेल तर बोटीत बसून तासाभरावरचं मकाव गाठायचं. म्हणजे भूक घरात आणि पंगत शेजारच्या गावात.

1974 मध्ये मायकेल हुईने ‘गेम्स गॅम्बलर्स प्ले’ काढला. दिग्दर्शक तोच, नायकही तोच, जोडीला धाकटा भाऊ सॅम हुई. तुरुंगात ओळख झालेले दोन भामटे बाहेर आल्यावर मिळून लोकांना टोप्या घालतात, एवढीच गोष्ट. त्या काळात हाँगकाँगमध्ये बहुतेक सिनेमे मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत निघायचे. गल्लीत, बाजारात, माहजोंगच्या टेबलावर बोलली जाणारी कँटोनीज पडद्यावरून जवळजवळ गायब झाली होती. ती मोठ्या पडद्यावर जोमाने परतली त्यात या दोन भामट्यांचा वाटा मोठा. सिनेमाने तिथले कमाईचे विक्रम मोडले. मला ही गोष्ट फार आवडते. बोलीभाषेला सन्मानाने परत आणायला कोणी महाकवी वगैरे लागला नाही, पानं चोरणाऱ्यांनीच ते काम केलं.

मग 1989 मध्ये वाँग जिंगचा ‘गॉड ऑफ गॅम्बलर्स’ आला. मागे चापून बसवलेले केस, बोटात पाचूसारखी हिरवी जेडची अंगठी, असा चाउ युन-फॅट. त्याच्याकडे बघताना एक गोष्ट लक्षात आली: जुगाराच्या या सिनेमांत जुगार असतच नाही. जुगार म्हणजे पुढचं पान काय येईल ते ठाऊक नसणं. इथे ते सगळ्यांना ठाऊक असतं. एकाने पानांवर खुणा केलेल्या असतात, दुसऱ्याने त्या खुणा आधीच ओळखलेल्या असतात. चाउचा नायक दडपणाखाली अंगठी कुरवाळतो हे प्रतिस्पर्धी हेरतो; शेवटी कळतं की ती सवयही मुद्दाम लावून घेतलेली होती. नशिबाला त्या टेबलावर खुर्चीच नाही.

पुढच्याच वर्षी ‘ऑल फॉर द विनर’मध्ये स्टीफन चाउने या रुबाबाची यथेच्छ टर उडवली. चीनमधून काकाकडे आलेलं एक गावंढळ पोर. त्याला बंद वस्तूंच्या आरपार दिसतं आणि हाताने घासघासून पान बदलता येतं. मूळ नायक पडद्यावर संथ गतीने अवतरायचा. हा पठ्ठ्या कॅमेऱ्याची मदत न घेता स्वतःच संथ चालतो. बाजूची माणसं नेहमीच्या वेगाने येतात-जातात आणि हा पाण्यातून चालल्यासारखा हात हलवत एकेक पाऊल टाकतो. अख्ख्या परंपरेतला हा विनोद मला सर्वांत शहाणा वाटतो. सिनेमाने 4 कोटी हाँगकाँग डॉलरहून अधिक कमावले. 1997 मध्ये शहर ब्रिटिशांकडून चीनच्या हाती जाणार हे ठरलेलं होतं आणि घोडे पळत राहतील, नाच चालू राहतील असा दिलासा चीनचे नेते डेंग शियाओपिंग यांनी दिला होता. बघा, दिलाशातसुद्धा शर्यती पहिल्या! त्या दिवसांत चीनहून आलेलं पोर पानं बदलून जिंकतं, यावर प्रेक्षक नेमकं कशाला हसले असतील?

पण पानांतून हाकललेलं नशीब जातं कुठे? माझ्या मते ते पायाखाली जाऊन बसतं. ‘गॉड ऑफ गॅम्बलर्स’मध्येच पाहा. पत्त्यांत कधी न हरणारा हा देवमाणूस एका फुटकळ सापळ्यात पाय घालतो, डोक्यावर आपटतो आणि लहान मूल होऊन जातो. चॉकलेट दिल्याशिवाय मग तो पानाला हात लावत नाही. सापळा लावलेला असतो अँडी लाउच्या पात्राने, एका टवाळ जुगाऱ्याने. आणि तो लावलेला असतो शेजारच्या एका भारतीय माणसासाठी. मला कुतूहल आहे ते या शेजाऱ्याचं. कुठला असेल तो? हाँगकाँगला कशासाठी आला असेल? कथेला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. पण बिचाऱ्याने एकही पान न उचलता सिनेमातला सर्वांत मोठा डाव मारला, आणि तोही निव्वळ नशिबाने.